इंगोलेबाई आणि ऐंशी किलोमीटर

इंगोलेबाई पेट्रोल भरायला गेल्या की पंपावरच्या माणसाला आधीच बजावायच्या, "नळी आपोआप बंद झाली का थांबजा. वरून ठासून भरू नको, माहा हिशोब चुकते." मग गाडीच्या किलोमीटरचा आकडा बॉलपेनने डाव्या तळहातावर लिहायच्या आणि तसाच हात घेऊन नववीच्या वर्गात भूमिती शिकवायला यायच्या. फळ्यावर वर्तुळ काढताना तो आकडा साऱ्या वर्गाला दिसायचा.

रिठदच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झालो, तेव्हा बाई पन्नाशीच्या होत्या. यजमान लवकर गेलेले, मूलबाळ नाही, माहेर जवळच अनसिंगला. गावात एकट्या राहायच्या. त्यांची गाडी बाराशे सीसीची, साधी, टर्बो नसलेली पेट्रोल गाडी. आमचे एक सहकारी नवी टर्बो गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या गाडीत दमच नाही. पाय दाबला तरी जागची हालत नाही." बाई शांतपणे म्हणाल्या, "दम हाये, पण तो वरच्या आरपीएमवर राह्यते. खालच्या गिअरमधी जाऊन आनावा लागते. तुमी चौथ्यात पाय दाबता न म्हनता, पयत काहून नाही!"

मला गाडी शिकवली ती त्यांनीच. एकदा वाशिम रोडच्या चढावर इंजिन घरघरायला लागलं आणि मी आवाजाला भिऊन गिअर बदलेना. त्या ओरडल्या, "तिचा जीव गुदमरून राह्यला, सर! खाली घ्या गिअर. ओरडू द्या तिले. ओरडनारी गाडी मरत नसते, घुसमटनारी मरते." एसी लावला तर चढावर किती फरक पडतो, चार माणसं बसली की लिटरमागे किती किलोमीटर कमी होतात, हे त्यांना पाठ होतं. कंपनीच्या मायलेजच्या आकड्याला त्या 'लग्नातलं वर्णन' म्हणायच्या. "पोरगी पाहाले गेलं का सांगतात न, सारं येते म्हनून. तसं हाये ते. खरं घरी नांदवल्यावर समजते."

हे सगळं आम्हाला करमणुकीचं वाटायचं. माझ्या बायकोला, उज्ज्वलाला, आठवा महिना लागला त्या मे महिन्यापर्यंत.

टँकरवाल्यांचा संप सुरू होता. चार दिवस जिल्ह्यातल्या पंपांवर दोऱ्या बांधलेल्या. दुपारी बाराच्या सुमारास उज्ज्वला न्हाणीतून बाहेर आली ती भिंत धरूनच. पातळाला रक्त होतं. तिचा भाऊ प्रशांत आदल्या दिवशीच आमच्याकडे आला होता. तो धावत बाईंच्या घरी गेला, आणि पाच मिनिटांत बाई गाडी घेऊन दारात उभ्या. पायांत घरातल्याच चपला.

वाशिमला डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सलाईन लावलं आणि मला बाजूला घेतलं. "वार गर्भाशयापासून सुटायला लागलीय. बाळ आणि आई, दोघांनाही धोका आहे. इथे रक्ताची सोय होईस्तोवर थांबता येणार नाही, अकोल्याला हलवा. मी तिथे फोन करून ठेवते." रुग्णवाहिका दुसरा पेशंट घेऊन गेलेली, परतायला दोन तास. मी ओळखीच्या तिघांना फोन केले. तिघांच्याही गाड्या पेट्रोलअभावी उभ्या.

आम्ही उज्ज्वलाला परत बाईंच्या गाडीत मागे आडवं केलं, डोकं माझ्या मांडीवर. प्रशांत पुढे, सलाईनची बाटली मागे वळून उंच धरून. बाईंनी किल्ली फिरवली आणि पेट्रोलचा पिवळा दिवा लागला.

प्रशांतने तो पाहिला. "बाई, अकोला ऐंशी किलोमीटर हाये. पुरते का?"

"पुरते," बाई म्हणाल्या.

"नक्की?"

"पावने, मी रोज कायचा हिशोब करतो? पुरते म्हनलं न."

मालेगावपर्यंत त्या गाडी साठच्या वर नेईनात. पाचवा गिअर, पाय जेमतेम टेकवलेला. बाहेर ऊन डोळे जाळत होतं. खिडक्यांतून येणारी हवा भट्टीतली. उज्ज्वलाचे ओठ सुकले होते. प्रशांतचा धीर सुटत चालला. "दाबा न बाई! माही बहीण मरून राह्यली इकडं, न तुमी बैलगाडी चालवून राह्यल्या!"

"आता दाबलं तं मेडशीपाशी उभी राहीन. मंग काय करसान, ढकलत नेसान?"

मी उज्ज्वलाच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला. ती पुटपुटली, "गरम होते हो." मी बाईंना काही बोललो नाही. एसी लावला की पेट्रोल किती जास्त जातं हे त्यांनीच मला शिकवलं होतं. पण त्यांनी ऐकलं होतं. क्षणभर त्यांचा हात तसाच थांबला, मग त्यांनी खिडक्या वर केल्या आणि एसीचं बटण दाबलं. "पोरीले थंड वाटू द्या. मी पाहातो बाकीचं."

मेडशीनंतर घाट उतरायला लागला. प्रशांत पुन्हा ओरडला, "न्यूट्रल करा, बाई! पेट्रोल वाचते!"

"काही वाचत नाही. न्यूट्रलमधी इंजिन पीतच राह्यते, न गाडी हातात राहात नाही. गिअरमधी ठेवून पाय काढला का इंजिन पेट्रोल घेनंच बंद करते." त्यांनी पाय पूर्ण काढला होता. गाडी स्वतःच्या वजनाने वळणं उतरत होती, इंजिन नुसतं गुणगुणत होतं. मी उज्ज्वलाच्या मनगटावर बोटं ठेवून बसलो होतो.

पातूर मागे पडलं आणि तिने बोलणं सोडलं. मी हाक मारली, पापणी हलली, एवढंच. सीट खालून ओली झालेली मला हाताला लागली.

"बाई," मी म्हणालो.

पुढे ओळीने तीन ट्रक होते. समोरून मोकळा रस्ता दिसला तसा बाईंनी एसी बंद केला, पाचव्यावरून सरळ तिसरा टाकला आणि पाय तळाला टेकवला. ती साधी गाडी अशी किंचाळली की प्रशांतने बाटली छातीशी धरली. आरपीएमचा काटा लाल पट्टीला भिडला. एक ट्रक मागे गेला, दुसरा गेला. समोरून बस येताना दिसली. तिसऱ्या ट्रकचं चाक माझ्या खिडकीशी होतं. बाईंनी गिअर बदलला नाही. गाडी ओरडतच राहिली, आणि ट्रकच्या तोंडासमोरून आम्ही डावीकडे शिरलो तशी बस हॉर्न देत बाजूने गेली.

तिथून अकोल्यापर्यंत त्यांनी पेट्रोलच्या काट्याकडे पाहिलं नाही.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. पुढचं सगळं धावपळीत गेलं. सह्या, रक्ताच्या पिशव्या, दोन दात्यांना केलेले फोन. दीड तासाने परिचारिका बाहेर आली. मुलगी झाली होती. वजन कमी होतं, काचेच्या पेटीत ठेवावी लागणार होती. पण रडली होती. उज्ज्वला शुद्धीवर यायला संध्याकाळ झाली.

परिचारिकेचं ऐकताच मी बाईंना सांगायला बाहेर आलो होतो. पहारेकरी त्यांना पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मॅडम, गाडी दारातून काढा." बाई किल्ली फिरवत होत्या. इंजिन नुसतं खोकत होतं, घेत नव्हतं. शेवटी प्रशांतने आणि पहारेकऱ्याने ती ढकलून कडुनिंबाखाली नेली. मुलगी झाली म्हणताच बाई स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडल्या. बाईंना रडताना मी तेव्हाच पाहिलं. मला वाटलं, काय अचूक हिशोब बाईंचा! पुढची चार वर्षं मी ही गोष्ट सगळ्यांना तशीच सांगत आलो.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि सहा महिन्यांत पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळल्या. अनसिंगला भावाकडे होत्या. त्या जाण्याच्या पंधरा दिवस आधी आम्ही भेटायला गेलो. आमची मुलगी अंगणात बाईंच्या भावाच्या नातवंडांशी खेळायला पळाली. बाईंच्या हाताची काडी झालेली, पण आवाज तोच. त्यांनी उज्ज्वलाला जवळ बसवून घेतलं.

"तुले एक सांगाचं हाये. सरांनी साऱ्या गावात माह्या हिशोबाचं कौतुक केलं. मले लाज वाटते. त्या दिवशी हिशोब जमतच नवता. दिवा लागल्यावर चार मानसं बसली तं एसी न लावताबी सत्तरच्या वर जात नाही. दहा किलोमीटर कमी पडत होते. घाट किती देईन, मले ठाऊक नवतं. मी खोटं बोलली, पोरी."

उज्ज्वला हसली.

"मले ठाऊक होतं," ती म्हणाली. "मी यांच्या मांडीवर डोकं ठेवून होती. वरच्या आरशात तुमचे डोये दिसत होते मले. जिचा हिशोब जमते तिचे डोये तसे नसतात."

"मंग भेली नाही तू?"

"भेली न. लय भेली. पन मनात म्हनलं, ह्या मास्तरीनबाई माह्यासाठी खोटं बोलून राह्यल्या. आता आपन डोये मिटले तं बरं दिसत नाही."

बाईंनी तिचा हात हातात घेतला. बराच वेळ सोडला नाही.

"माह्या गनिताच्या वर्गात असतीस तं पास केली असती तुले," त्या म्हणाल्या.