निवटीचे वकील

माशाची बाजू घेऊन माणसांशी भांडणारा, आणि तेही विटेएवढा जाड इंग्रजी ग्रंथ काखेत मारून, असा माणूस अख्ख्या वाशीत एकच होता, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचा. सर मुंबईतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. त्या काळी शहाणी माणसं खाडी ओलांडून राहायला यायचं म्हटलं की कां-कू करायची. सर मात्र हसत आले, कारण दादरच्या खोलीत एक तर बायको मावत होती किंवा प्राण्यांच्या मानसशास्त्रावरचे संदर्भग्रंथ. इथे दोन्ही मावलं. म्हणजे ग्रंथ खुर्च्यांवर आणि वहिनी उरलेल्या जागेत. "आमच्याकडे ग्रंथ बसतात आणि पाहुणे उभे राहतात," असं वहिनी चहा देता देता सांगायच्या. खाडीच्या दमट हवेने पानांना बुरशी धरायची, म्हणून मे महिन्यात गच्चीवर एकाच चटईवर इकडे वहिनींचे पापड आणि तिकडे सरांचे खंड वाळत पडायचे. कावळे आले की सर ग्रंथ वाचवायला धावायचे आणि पापड कावळ्यांना जायचे. वहिनी मग दोन दिवस अबोला धरायच्या. सरांच्या ते लक्षातही यायचं नाही.

सोसायटीत कुठे आवाज चढला की सर खंड घेऊन हजर! एकदा पाण्यावरून माझी आणि तळमजल्यावरच्या हेडक्लार्कची जुंपली. मी बाह्या सरसावतोय तोच सर मधे उभे राहिले, अर्धं पान इंग्रजी वाचून दाखवलं आणि प्रेमाने म्हणाले, "गर्दी वाढली की उंदीर चावरे होतात. यात तुमचा दोष नाही." "म्हणजे आम्ही उंदीर?" आम्ही दोघांनी एकदमच विचारलं, आणि त्या क्षणापासून मी आणि हेडक्लार्क एका बाजूला झालो. पाणी राहिलं बाजूला!

पण याच ग्रंथाने सरांचं एकदा काळीज दुखावलं. आमच्या इमारतीमागे खाडीचा चिखल होता, त्यात निवट्या उड्या मारायच्या. निवटी म्हणजे बटबटीत डोळ्यांचा, पाण्याबाहेर फिरणारा इटुकला मासा. ग्रंथात छापलं होतं की निवटी जन्मभर शेजाऱ्यांशी भांडते. "साफ खोटं आहे हो!" सर माझ्या दारात उभे राहून कळवळले. "ती चिखलाचा बांध घालते आणि शेजारी ओळखीचा झाला की त्याला काही करत नाही. फार तर पाठीवरचा पर उभारते. आता जगभरची पोरं हिला भांडखोर म्हणणार!" सख्ख्या बहिणीची कोणी बदनामी करावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. मग काय, दर रविवारी छत्री आणि दुर्बीण घेऊन सर चिखलाकाठी. गावातली मासे विकणारी म्हातारी पाटी टेकवून हसायची. "मास्तर, ती खायाची हाय, बगायाची न्हाय! घरा न्या, कालवन कराला सांगा." काही वर्षं असं बसून सरांनी सगळं संपादकांना लिहून पाठवलं. पुढच्या आवृत्तीत विचार करू, असं उत्तर आलं, आणि सर त्या आवृत्तीची वाट बघत म्हातारे व्हायला लागले.

ती आवृत्ती आली तेव्हा सर नुकतेच हर्नियाच्या ऑपरेशनमधून उठले होते. कॉलेजच्या ग्रंथालयात मला सोबत घेऊन गेले, आणि ऐन वेळी त्यांचा धीर सुटला. "तुम्हीच बघा. मी खिडकीशी थांबतो." मी पान काढलं. एकच वाक्य बदललं होतं: ओळख झालेले शेजारी बांधाच्या दोन बाजूंना शांतपणे राहतात. सरांचं नाव कुठेच नव्हतं. मला राग आला. सर मात्र डोळे पुसत म्हणाले, "माझं कशाला हवं? निवटीचं नाव साफ झालं ना!"

घरी न जाता ते तडक खाडीवर निघाले, मी मागोमाग. आजारपणामुळे दीड-दोन महिने ते तिकडे फिरकले नव्हते. जिथे चिखल होता तिथे मुरमाचे ढीग पडले होते आणि एक डंपर मागे मागे येत होता. भरावाच्या कडेला म्हातारी रिकामी पाटी घेऊन बसली होती. सर तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "बाई, पुस्तकात आलं. निवटी ओळखीच्या शेजाऱ्याशी भांडत नाही." या वेळी ती हसली नाही. मुरमाकडे बघत तिने विचारलं, "आन् मंग शेजार कुटं गेला त्यांचा, मास्तर?" सरांनी छत्री उघडली, मिटली.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या भरावावर आज चार मजली इमारत आहे. तिथले लोक पाण्यावरून, गाडी लावण्यावरून तावातावाने भांडतात, आवाज आमच्या गॅलरीपर्यंत येतो. मी कान देऊन ऐकत बसतो. वाटतं, आता जिना वाजेल, काखेत खंड घेऊन सर येतील आणि दोघांनाही उंदीर म्हणतील. कोणी येत नाही. भांडण रात्रीपर्यंत चालतं.