एक्सपीला चालणारं कार्ड

निलंग्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत लागलेली निम्मी लग्नं आपल्या नवऱ्यानं लावली, असं मंजुश्री बिनदिक्कत सांगायची. म्हणजे पत्रिका त्यांनी छापल्या. मुहूर्त कुणी का काढेना, पण आत्याचं नाव मावशीच्या वर घ्यायचं की खाली, यावरून दुकानात जुंपलेली भांडणं विरूपाक्षअप्पाच मिटवायचे. दोन्ही नावं एकाच ओळीत बसवायचे आणि ओळीच्या दोन्ही टोकांना एकेक कलश ठेवून द्यायचे. आत्याही खूश, मावशीही खूश.

दिवाळी सरली आणि अप्पांना लकवा मारला. जीव वाचला, हात शाबूत राहिले, पण डावा पाय हट्टाला पेटला. घर रस्त्याच्या या बाजूला माडीवर, दुकान त्या बाजूला. जिना उतरायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मंजुश्रीनं एका कागदावर मार्करनं ‘दुकान काही दिवस बंद आहे’ असं लिहून शटरला चिकटवलं. घाईत तिच्या ध्यानात आलं नाही की अप्पांची खाट खिडकीशी आहे आणि खिडकी शटरच्या बरोबर समोर. माणूस दिवसभर तो कागद बघत पडून राहायला लागला. आधी हसणं गेलं, मग बोलणं. वाढलं की जेवायचे, एवढंच.

उदगीरहून धाकटा दीर वीरण्णा भेटायला आला. जाताना म्हणाला, “वैनी, दादाला आता आराम करू द्या. गाळा भाड्यानं देऊन टाकू. मोबाइलचे कव्हर इकणारा एक जण हाय माझ्या वळखीचा. गुढीपाडव्याला घेऊन येतो.”

वीरण्णा काही वाईट माणूस नव्हे. भावाची काळजीच होती त्याला. पण ते ऐकून अप्पांनी भिंतीकडं तोंड केलं. गाळा गेला तर हे तोंड पुन्हा इकडं वळायचं नाही, हे मंजुश्रीला तिथल्या तिथं कळलं.

“तुमी दुकानात जाऊ शकत न्हाई ना? मग दुकान वर आणू,” ती म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी जुना कॉम्प्युटर माडीवर आला.

दुकानात कॉम्प्युटर दोन. नवा होता तो लोकांचे ऑनलाइन अर्ज भरायला. अप्पांचा खरा सोबती जुना, विंडोज एक्सपीवर चालणारा. त्यात त्यांचे सगळे फॉन्ट, वेलबुट्ट्या, गणपती आणि कलश. टायपिंगचा तो जुना प्रोग्रॅम नव्या मशीनवर सुरूच व्हायचा नाही, आणि अप्पांची बोटं दुसऱ्या कीबोर्डवर अडखळायची. आता हे मशीन वर आणि धूड प्रिंटर खाली दुकानात. तो काही त्या अरुंद जिन्यानं चढणार नव्हता. मग मंजुश्री पेन ड्राइव्ह घेऊन जिना उतरायची, रस्ता ओलांडायची, प्रिंट काढून वर आणायची. अप्पांना काना-मात्रा चुकलेली दिसायची. पुन्हा खाली. एका पत्रिकेत तिचे गुडघे बोलायला लागले.

“राहू दे,” अप्पा म्हणाले. कितीतरी दिवसांनी बोलले, ते एवढंच.

राहू देईल ती मंजुश्री कसली! तिनं केबलवाल्याला गाठून खिडकीतून शटरपर्यंत वायर ओढून घेतली. पण दिवस उसाचे. कारखान्याला निघालेला ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, आणि ऊस असा रचलेला की वरचे हिरव्या पानांचे वाढे विजेच्या तारांना गुदगुल्या करतायत. त्यात आपली वायर अडकली. माडीवर कॉम्प्युटर टेबलावरून सरसर खिडकीकडं निघाला, अप्पांनी तो दोन्ही हातांनी कवटाळला, आणि वायर तटकन तुटली म्हणून बरं, नाहीतर एक्सपी ट्रॅक्टरबरोबर थेट साखर कारखान्यात गेला असता.

आता वायरशिवायचंच काहीतरी हवं होतं. दुकानात इंटरनेटचा, वायफायचा डबा होताच, प्रिंटरला जोडलेला. जुन्या मशीनला तो ऐकू यायला हवा, इतकंच. मंजुश्रीनं बाजारातून बोटाच्या पेराएवढं एक यंत्र आणून मशीनला खोचलं. छान निळा दिवा लागला. पण एक्सपी ढिम्म. मग तिनं खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. त्यात नव्या विंडोजची नावं होती, एक्सपीचं नव्हतं. वस्तू घेताना एरवी कोथिंबिरीची जुडीसुद्धा उलटीपालटी करून बघणारी बाई, इथं निळ्या दिव्याला भुलली. तिला स्वतःचाच राग आला.

या खेपेला तिनं घाई केली नाही. अप्पांनी मशीनचं झाकण कधीच काढून ठेवलेलं होतं. उन्हाळ्यात तापतं म्हणून काढलं, ते परत बसवलंच नाही. आतल्या खाचांचे मोबाइलवर फोटो काढून ती लातूरच्या एसटीत बसली.

जुने सुटे भाग विकणाऱ्या दयानंदनं फोटो मोठा करून पाहिला. “ताई, ही लांब पांढरी खाच हाय बघा, हिच्यातच बसंल असं जुनं वायफायचं कार्ड लागतंय. नवे कार्ड आखूड खाचेचे. ते तुमच्या कामाचे न्हाईत.”

“खाचेत बसंल हो. पण एक्सपी वळखंल का त्याला?” मंजुश्री एकदा पोळली होती. “सीडी हाय का सोबत? सीडीवर एक्सपी लिहिलंय का? मला वाचून दाखवा.”

दयानंदला हसू आलं, पण त्यानं तीन खोकी पालथी घातली. एका कार्डाची सीडी हरवलेली, दुसऱ्याचा अँटेना मोडका. तिसऱ्यासोबत सीडी होती आणि तिच्यावर ‘एक्सपी’ छापलेलं होतं. मंजुश्रीनं ते स्वतः वाचलं, दोनदा वाचलं. “मधी रस्ताच हाय ना? मग अँटेना खिडकीकडं करा,” दयानंद म्हणाला. “न्हाई चाललं तर वापस आणा.”

पाडवा चार दिवसांवर आला होता. मंजुश्रीनं कार्ड खाचेत बसवलं. जरा दाबावं लागलं, पण बसलं. सीडी फिरली, आणि पडद्यावर आलं, की असं कुठलं कार्ड या मशीनमध्ये नाही. काढून पुन्हा लावलं. नाही म्हणजे नाही.

अप्पांनी माउस सोडला. “वीरण्णाला ये म्हणाव,” ते म्हणाले, आणि भिंतीकडं वळले.

मंजुश्रीला रडूच कोसळलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. डोळे पुसत तिनं कार्ड उपसलं, बोटाला पांढरं काहीतरी लागलं, आणि सवयीनं तिनं ते बोट नाकाशी नेलं. तिचं रडणं जागच्या जागी थांबलं.

हा वास तिच्या देव्हाऱ्यातला होता.

“अहो,” ती म्हणाली, “इकडं वळा. खंडेनवमीला मशीनची पूजा कोण करतंय?”

“तूच की.”

“आन् मी पत्र्याला भस्म लावायला गेले की कोण म्हणतंय, पत्र्याची काय पूजा करतीस, काम आतलं मशीन करतंय, त्याला लाव म्हणून?”

अप्पा हळूहळू वळले. वर्षानुवर्षं, दर खंडेनवमीला, उघड्या मशीनच्या पोटात भस्माची तीन बोटं ओढली गेली होती आणि वरून नारळाचं पाणी शिंपडलं गेलं होतं. पांढऱ्या खाचेत पांढरं भस्म बसून सिमेंटसारखं घट्ट झालेलं. फोटोतही ते दिसलं नव्हतं, कारण खाच पांढरी असते हे सगळ्यांना माहीत! बिचाऱ्या एक्सपीचे कान भक्तीनं भरले होते.

अप्पांच्या छातीतून कसलासा आवाज आला. मंजुश्री घाबरून जवळ गेली, तर ते हसत होते. “आण जुना ब्रश,” ते म्हणाले, “आन् दुकानातलं स्पिरिट.”

खाटेवर बसून त्यांनी स्वतः ती खाच घासली. घाई नाही, चिडचिड नाही. कापडावर पडलेलं भस्म मंजुश्रीनं केरात टाकलं नाही, तुळशीच्या कुंडीत ठेवलं. दुपारपर्यंत खाच सुकली. कार्ड आता बिनतक्रार आत गेलं, सीडी फिरली, आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात दुकानाच्या वायफायचं नाव उमटलं.

“तू खाली जा,” अप्पा म्हणाले. “प्रिंटर चालू कर आन् उभी रहा.”

मंजुश्रीनं रस्ता ओलांडला, शटर उचललं, प्रिंटर चालू केला. दुकानात कोंदट वास होता. ती उभी राहिली. काहीच होईना. तिनं मनातल्या मनात ‘ॐ नमः शिवाय’ सुरू केलं, मग थांबवलं, आधीच फार झालं म्हणून. तेवढ्यात प्रिंटर घुरघुरला. कुणी हात न लावता एक कागद बाहेर सरकला.

भोवती लग्नपत्रिकेची वेलबुट्टी होती. मधोमध, वधू-वरांची नावं येतात तिथं, मोठ्या अक्षरांत ‘दुकान चालू आहे’. खाली ‘निमंत्रक’, आणि तिथं एकाच ओळीत ‘सौ. मंजुश्री’ आणि ‘विरूपाक्ष’. ओळीच्या दोन्ही टोकांना एकेक कलश.

तिला ती अक्षरं नीट दिसेनात. पदरानं डोळे पुसून ती बाहेर आली, मार्करनं लिहिलेला कागद फाडून काढला, आणि नवा चिकटवला.

“ए मंजू! उजवीकडं खाली गेलाय! वर घे जरा!”

अख्ख्या रस्त्यानं वर पाहिलं. खिडकीचे गज धरून अप्पा ओरडत होते, पहिल्यासारखे, दुकानातल्या आवाजात. मंजुश्रीनं कागद सोडवला आणि मुद्दाम आणखी थोडा वाकडा लावला, त्यांनी पुन्हा एकदा ओरडावं म्हणून.