डाग पडलेलं पान

कर्जतच्या शेती-औषधाच्या दुकानात आम्ही बागायतदार रोगट पानं पिशवीत घालून दाखवायला नेतो. त्या दिवशी शेजारी पांढऱ्या मिशांचा एक अनोळखी शेतकरी उभा होता. त्याच्या हातातल्या द्राक्षाच्या पानावर करपलेले ठिपके दिसले आणि, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. माझ्या द्राक्षबागेत डाऊनी, म्हणजे पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी धरणारा रोग, पसरली होती.

"तुमचीबी बाग गेली म्हणायची," मी म्हणालो.

त्यानं पान उलटं करून अंगठ्यानं हळूच चोळलं. खाली बुरशीचा मागमूस नव्हता.

"न्हाई ओ. बुरशी शिरली तेवढाच ठिपका वेलीनं आपणहून मारला. रोग तिथंच अडकला. ही जातच तशी हाय. छाटणीला या, कलम बांधायला काडी देतो."

त्याच्यापुढं हात पसरायचा, या विचारानंच माझं डोकं फिरलं. मी मान डोलावली. त्याचं गाव मात्र मुद्दाम विचारलं नाही.