मोडेम खलास?

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर मी सौदीत, राबिघच्या एका कंत्राटदार कंपनीत सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो होतो. एका रविवारी सकाळी पुण्याचा तरुण मॅनेजर तावातावाने माझ्याकडे आला. ऑफिसच्या टेलिफोन एक्सचेंजमधून दर शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, कुठल्या कुठल्या देशांत तासन्‌तास फोन जात होते.

"ऑपरेटरशिवाय कोण करणार? सर, तुम्ही फक्त जबाब घ्या. फायनल एक्झिटचा शिक्का लावतो, जाऊ दे कायमचा घरी."

ऑपरेटर रत्नागिरीकडचा, पन्नाशी उलटलेला. चोरीचा ठपका घेऊन गेला असता तर पुन्हा आखातात त्याला कोणी उभं केलं नसतं. दोन तास मी त्याला उलटसुलट विचारलं. "साहेब, शुक्रवारी मी इकडे फिरकत पन नाय," एवढंच तो म्हणे. शेवटी मी गेटची नोंदवही मागवली. एकाही शुक्रवारी कोणी आत आलेलं नव्हतं. अरे, मग हे आधी बघायला काय झालं होतं? मॅनेजरला, आणि मलाही!

वही आणणारा पहारेकरी म्हणाला, शुक्रवारी आत माणूस नसतो, पण एक्सचेंजच्या कपाटात एक दिवा लुकलुकतो. कपाट उघडलं. आत मोडेम, फोनच्या लाइनला जोडलेला आणि चालू. रियाधचा तंत्रज्ञ त्यावर डायल करून इथलं एक्सचेंज दुरुस्त करायचा. कामापुरता जोडायचा आणि काढून ठेवायचा, असा नियम होता. पासवर्ड? कारखान्यातून आला तोच, माहितीपुस्तिकेत छापलेला! नंबर हाती लागला की कोणीही बाहेरून शिरावं आणि आमच्या लाइनवरून जगभर बोलावं.

मी ऑपरेटरला विचारलं, "भाई, हा काढला का नाहीत?"

"मी विचारलं ना त्याला, मोडेम खलास? तो बोलला, खलास, यल्ला, म्हणजे चला! मला वाटलं, त्याने तिकडूनच बंद केलान."

तंत्रज्ञाला फोन लावला. तो म्हणतो, खलास म्हणजे माझं काम संपलं, वायर काढणं तुमच्याकडे. कपाळ माझं! आमच्या खात्यात खलास म्हणजे माणूस मेला. वायर काढली, पासवर्ड बदलून घेतला. पुढचा शुक्रवार शांत गेला आणि मॅनेजरने एक्झिटचा कागद निमूटपणे मागे घेतला.

ऑपरेटर मात्र जागचा हलेना. "साहेब, गावी बातमी पोचली. बायकोला तुम्हीच सांगा, मी चोर नाय."

मी फोन लावला. "वहिनी, मी पोलीस अधिकारी बोलतोय," एवढं म्हणालो आणि ती माउली हुंदके देऊ लागली. सवयीने बोलून गेलो होतो. तिला गप्प करता करता मला घाम फुटला.

संशय घेतला की बातमी आपोआप गावभर होते. माणूस निर्दोष निघाला की सांगायला कोणी जात नाही. उभ्या नोकरीत मी किती जणांना "जा, तुझं काही नाही" म्हणून चौकीतून सोडलं असेल. त्यांच्यापैकी एकाच्याही घरी मी असा निरोप दिला नव्हता.