तानाका म्हणजे कोण?

आडनाव ऐकलं की गाव विचारायचं, गाव कळलं की माणूस कोणत्या खणात ठेवायचा ते ठरवायचं, ही आमच्या लोकांची जुनी खोड. ओहायोतल्या डब्लिनमध्ये पंधरा वर्षं काढूनही माझ्या नवऱ्याची ती गेली नव्हती. २००६ साली आमच्या मुलीने तानाका आडनावाच्या मुलाशी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा साताऱ्याहून माझ्या थोरल्या दिरांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "तानाका म्हणजे कोण?" मुलगा काय शिकलाय, हे त्यांनी दुसऱ्या फोनमध्ये विचारलं.

नवरा लगेच कामाला लागला. ऑफिसातून आला की इंटरनेटवर बसायचा आणि जेवताना मला ऐकवायचा. तानाका म्हणजे भातखाचरांच्या मधला. जपानात या आडनावाचे लाखो लोक आहेत, पश्चिमेकडे जास्त. पूर्वी सामान्य माणसाला आडनाव लावायची मुभाच नव्हती. पुढे सरकारने सक्ती केली, तेव्हा कुणी शेतावरून घेतलं, कुणी डोंगरावरून.

"म्हणजे शेतकरीच," तो म्हणाला. "पण खात्री करून घ्यायला हवी."

"त्यांच्यासमोर तोंड उघडलंस तर बघ," मी दम दिला.

रविवारी सकाळी मुलगा आईवडिलांना घेऊन आला. वडील मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, तरुणपणीच इकडे आलेले, मोजकं बोलणारे. पोहे त्यांनी मागून घेतले, त्यामुळे मला माणूस आवडला. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि माझ्या नवऱ्याने इंग्रजीत विचारलंच, "तुमचं मूळ गाव कोणतं? घराण्याचा व्यवसाय काय होता?"

मी डोळे वटारले. मुलाच्या आईने बशी खाली ठेवली.

"हे कशासाठी हवंय तुम्हाला?" वडिलांनी विचारलं.

"सहज."

"आमच्याकडे हे सहज कुणी विचारत नाही. लग्नाआधी गुपचूप माणूस पाठवून गाव शोधून काढतात. माझ्या बहिणीचं लग्न त्यातच मोडलं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "आमचे लोक कातडी कमावायचे. आमच्या वस्तीत बाहेरचं कुणी पाणी प्यायचं नाही. या आडनावाचे इतके लोक आहेत, की इथे येऊन मी त्यांच्यात सहज लपलो."

"डॅड, यू नेव्हर टोल्ड मी," मुलगा म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

माझी मुलगी फक्त तिच्या बाबाकडे बघत होती. आता तो काय बोलेल, त्यावर तिचं लग्न अवलंबून होतं.

नवरा सावरून बसला आणि मोठ्या मनाचा आव आणत म्हणाला, "आमची काही हरकत नाही. हे आपल्यातच राहील. इंडियात कुणाला सांगायची गरज नाही."

मला त्याची लाज वाटली. इतक्या वर्षांच्या संसारात अशी कधी वाटली नव्हती.

मुलगा उठून उभा राहिला. "नो, अंकल. लपवून लग्न करायचं असेल तर मला ते नको." मुलगी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "बाबा, काकांना आत्ता फोन करा. स्पीकरवर. नाहीतर मी यांच्याबरोबर निघतेय, आय मीन इट."

नवऱ्याने मुलाच्या वडिलांकडे पाहिलं. "करा," ते म्हणाले.

नवऱ्याने कॉलिंग कार्डाचा नंबर दाबून फोन स्पीकरवर टाकला. फोन लागला आणि दिरांचा आवाज खोलीभर घुमला, "काय रे, कळलं का कोण आहेत ते?"

"कळलं, दादा. कातडी कमावणाऱ्यांचं घर आहे."

दिरांनी विचारलं, "मग? काय ठरवलंस तू?"

"मी काय ठरवणार?" नवरा म्हणाला. "त्यांना घरी नाश्त्याला बोलावून मी त्यांची जात विचारली, दादा. आता ठरवायचं त्यांनी आहे."