तुमच्या आत्याची सभा

बाळांनो, आत्या ऑकलंडला तुमच्याकडे एकदाही का आली नाही, असे तुम्ही फोनवर विचारता आणि ती हसून विषय बदलते. खरे कारण मी सांगते. तिला तारीख देता येत नसे.

ती म्युनिकहून उडणाऱ्या एका छोट्या विमान कंपनीत फ्लाइट अटेंडंट आहे आणि मी तिथून जवळच, उंटरश्लाइसहाइमला तिच्याकडे राहते. पुढच्या महिन्याचे रोस्टर, म्हणजे कामाचे वेळापत्रक, महिना संपता संपता हातात येई, आणि आल्यावरही बदले. मध्ये मध्ये बेराइटशाफ्टचे दिवस असत. म्हणजे घरीच थांबायचे, पण केस बांधून, गणवेश तयार ठेवून. फोन आला की विमानतळ गाठायचा. फोन आला नाही तर तो दिवस कामात धरत नसत. अशाच एका दिवशी मी म्हणाले, "घरीच आहेस, तर जरा पुरण वाटून दे."

"आई, पुरणाच्या हातांनी विमानात जाऊ का?"

फोन आलाच. पोळ्या मी एकटीने लाटल्या.

बोर्डिंगचेही तसेच. एकदा मी तिच्याच विमानाने हॅनोव्हरला गेले. लोकांच्या बॅगा वर चढव, रडणाऱ्या मुलाला आईजवळ जागा मिळवून दे, चिडलेल्या गृहस्थांना शांत कर, असे करता करता तिचे कपाळ घामाने भिजले. मग दार बंद झाले. तिच्या कंपनीच्या हिशेबात तिचे काम तिथून सुरू होत होते!

याच गोष्टींवर युनियनची कंपनीशी बरेच महिने बोलणी चालली होती, आणि युनियनतर्फे बसणाऱ्यांत आत्या होती. अखेर कंपनीने देऊ केले: रोस्टर पुष्कळ आधी मिळेल, बेराइटशाफ्ट आणि बोर्डिंग दोन्ही कामात धरू. अट एकच. हे फक्त आता नोकरीत असलेल्यांना. यापुढे जे लागतील, त्यांना जुनेच नियम.

मला फार आनंद झाला. "घेऊन टाका," मी म्हणाले. "या दिवाळीला ऑकलंडला जाऊन ये."

"जाता येईल खरं," ती म्हणाली, आणि धुतलेला कप पुन्हा धुवायला लागली.

सभासदांची सभा विमानतळाजवळच्या एका सभागृहात होती. घरी बसून काळजी करशील त्यापेक्षा चल, असे म्हणून ती मला घेऊन गेली. घरच्यांना मागच्या रांगेत बसू देत होते. माझ्या शेजारी तिच्याच कंपनीतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. त्या मला इंग्रजीत हळूच सगळे सांगत होत्या.

आत्या बोलायला उभी राहिली. शेजारच्या बाई पुटपुटल्या, "ती म्हणते, मला हे हवं आहे. माझी भाचरं मला फक्त फोनवर ओळखतात. पण उद्या माझ्याबरोबर एक नवी मुलगी येईल. आम्ही दोघी एकाच विमानात त्याच बॅगा उचलू, आणि तिचं काम मात्र धरलं जाणार नाही. मी तिच्याकडे कोणत्या तोंडाने बघू?"

ती बसली आणि टेबलांवर टकटक सुरू झाली. आधी एका कोपऱ्यात, मग सगळ्या सभागृहात. आमच्या कॉलेजात वक्ता नकोसा झाला की मुले अशीच बाके वाजवत. मुलीला तिथून बाहेर काढायचे म्हणून मी उठलेच.

"कुठे निघालात?" बाईंनी माझी बाही धरली.

"त्यांना तिचं बोलणं आवडलं नाही ना?"

"छे! आम्ही अशाच टाळ्या वाजवतो."

मी खाली बसले. ती टकटक थांबेना. माझ्या पायांखालची लाकडी जमीन थरथरत होती.

मग प्रस्ताव नाकारणाऱ्यांना हात वर करायला सांगितले. एका गरोदर मुलीचा हात वर झाला. निवृत्तीला टेकलेल्या एका गृहस्थांचा झाला. एक मुलगी गणवेशातच आली होती, तिला तासाभरात उड्डाण होते. दाराजवळ उभी राहून तिनेही केला. त्या प्रत्येकाला घरी कुणाला तरी तारीख द्यायची असणार. ज्यांनी अजून नोकरीचा अर्जही केला नव्हता, त्यांच्यासाठी हे लोक आपली तारीख सोडत होते. मी आयुष्यात पुष्कळ सभा पाहिल्या आहेत. अशी पाहिली नव्हती. हात मोजायचीही गरज पडली नाही.

बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "दिवाळी गेली, आई." मी नुसती तिची कॉलर नीट करत राहिले.

"आल्झो!" तिने जर्मन लोकांसारखे नवल केले. "आई गप्प! डॉक्टरांना फोन करू का?"

मी तिचा हात धरला आणि आम्ही स्टेशनपर्यंत तशाच चालत गेलो.

त्यानंतर एका दिवसाचा इशारा-संप झाला. मग पुन्हा बोलणी. शेवटी कंपनीने ती अट मागे घेतली. बोर्डिंगची वेळ पूर्ण नाही, अर्धीच धरतात. त्यावर भांडण अजून बाकी आहे, असे आत्या म्हणते. दिवाळी तर तिने विमानातच काढली.

परवाच, इतक्या आधी, तिचे मार्चचे रोस्टर आले, आणि त्याच दिवशी नव्याने लागलेल्या मुलींचेही. तिने तुमच्या आईला विचारून तिकीट काढले आहे. आली की तिच्याकडून त्या सभेत ती काय बोलली ते सगळे ऐका. मला जर्मन अर्धेच कळते.