तळघरातलं पहिलं गाणं

लोकांच्या हातात पैसा आला की आधी मोठा टीव्ही येतो, मग मोठे स्पीकर येतात, आणि मग घरात आवाज नुसता घुमतो, बोललेलं अक्षर कळत नाही. तेव्हा मला बोलावतात. मी आयटीआय झालेला सुतार, पण गेली काही वर्षं बजाजनगरच्या माझ्या शेडमध्ये पलंग-कपाटं कमी होतात आणि आवाज शोषणारी पॅनल जास्त.

ज्या खोलीबद्दल सांगतोय, ती माझ्या मित्राच्या बंगल्याच्या तळघरात आहे. आम्ही आयटीआयला एका बेंचवर होतो, नंतर वाळूजला एकाच कंपनीत, एकाच पाळीत. माझ्या घरी येऊन तो आईच्या हातचं बोंबलाचं कालवण वाटी पुसून खायचा. त्याचं घर जुन्या वळणाचं, आजोबा भिक्षुकी करायचे, वडील कचेरीत. तिथं गेलो की तो माझी ओळख नुसत्या नावानं करून द्यायचा, आडनाव कधी सांगायचा नाही. वीस-बावीस वर्षांचं वय, मला ती जवळीक वाटायची. आता तो कारखानदार आहे.

बंगल्याखालचा काळा दगड ब्रेकरनं फोडून त्यानं घरच्या घरी सिनेमा बघायला तळघर काढलं आणि मला दाखवायला नेलं. मी मधोमध उभं राहून टाळी वाजवली. समोरासमोरच्या दोन भिंतींनी ती इतक्या वेळा एकमेकींकडे फेकली की टर्रर्र असा आवाज निघाला. शिवाय एका भिंतीपलीकडे पाण्याचा हौद. नळाला आठवड्यानं पाणी येणार, तेव्हा हौद मोठा हवाच, पण मोटर लागली की अख्खी भिंत गुणगुणायची. मी म्हणालो, “होईल. वेळ लागंल, पण होईल.” आणि एकच मागणं मागितलं. खोली तयार झाली की माझ्या बापाची कॅसेट तिथं एकदा वाजवायची. तो म्हणाला, “एकदा काय, पहिलं गाणंच तुझ्या बापाचं.”

बाप दिवसा मोंढ्यात पोती वाहायचा आणि जयंतीच्या महिन्यात जलशात गायचा. टाळी वाजवून जागा ओळखायची, हे त्याचंच. आमच्या वस्तीत सगळ्या पत्र्याच्या भिंती. गाण्याआधी तो मैदानात उभा राहून एक टाळी वाजवायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि सांगायचा, “त्या अंगाला तरटं बांधा रे, शब्द वापस येऊ लागला.” मोंढ्यातली रिकामी पोती पत्र्यावर बांधली जायची, मग तो माईक हातात घ्यायचा. “चाल नाय समजली तरी चालंल,” म्हणायचा, “शब्द समजला पायजे.”

त्याच्या आवाजाची एकच कॅसेट उरली आहे, त्यात एकच गाणं धड आहे. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी तो थांबतो, ‘जयभीम’ म्हणतो, आणि सगळी वस्ती त्याला उत्तर देते. नोकरीच्या दिवसांत माझ्या खोलीवर टू-इन-वनवर आम्ही दोघांनी ते गाणं कितीदा ऐकलं असेल. मित्राला ते पाठ होतं. ती जागा आली की तो ताटावर बोटं वाजवायचा.

मी तीन महिने त्या तळघरात होतो. चार इंची लाकडी चौकटी केल्या, त्यांत रॉकवूल, म्हणजे दगडाची लोकर, भरलं, वरून कापड ताणलं. रॉकवूल अंगाला लागलं की आंघोळ करूनही खाज जात नाही. भिंत आणि चौकट यांच्यात मुद्दाम पोकळी ठेवली. चारी कोपरे जमिनीपासून छतापर्यंत भरले, कारण जाड आवाज कोपऱ्यात जाऊन तुंबतो. मोटरखाली रबराच्या गाद्या घातल्या. “किती जागा खाल्लीस रे,” एवढंच तो म्हणाला. शेवटच्या दिवशी मी टाळी वाजवली आणि ती जिथल्या तिथं विरली. बाप असता तर त्यानं काही बांधायला सांगितलं नसतं. असं काम मी आधी केलं नव्हतं आणि नंतरही झालेलं नाही.

स्पीकर बसवायला दुसरी माणसं आली. मग काही दिवसांनी मित्राच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर फोटो दिसला, अंधारात पडदा उजळलेला आणि खुर्च्या भरलेल्या. मी फोन केला. म्हणाला, “अरे, ती नुसती ट्रायल होती.” पुढच्या दोन महिन्यांत अशा बऱ्याच ट्रायली झाल्या. मी गुळमंडीजवळच्या एका दुकानात कॅसेट पेन ड्राइव्हवर भरून घेतली होती, ती शर्टाच्या खिशात घेऊन हिंडायचो. बायको एकदा म्हणाली, “गाणं ऐकायला त्याचंच घर पायजे व्हय? आपल्या शेडमदी लावा की.” मी तिला म्हणालो, तुला त्यातलं कळत नाही. तिला सगळं कळत होतं.

एका रविवारी दुपारी त्याचा फोन आला, “ये, आणि तुझं ते गाणं घेऊन ये.” मी इस्त्रीचा शर्ट घातला. तळघरात त्याचे पाच-सहा धंद्यातले लोक मऊ खुर्च्यांवर रेलून बसले होते. माझ्यासाठी वरून प्लास्टिकची खुर्ची आणवली. “हे आमचे मिस्त्री,” तो म्हणाला. “सगळं काम यांचं.” आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला अहो-जाहो केलं. मला लागलं, पण सगळं काम माझं असंही म्हणाला होता, म्हणून मी हसलो.

गाणं लागलं. तीस वर्षं ऐकत आलो ते गाणं, पण बापाचा श्वास मी कधी ऐकला नव्हता. प्रत्येक ओळीआधी तो तोडून तोडून दम घेत होता, दिवसभर पोती वाहून आलेल्या माणसाचा दम. ढोलकीवाला त्याला दम मिळावा म्हणून एखादी थाप जास्त वाजवत होता, हेही मला त्या दिवशी कळलं. माझे डोळे भरून आले. अंधार होता, बरं झालं.

एकानं विचारलं, “कुठलं गाणं हे?”

“जुनं लोकगीत आहे,” मित्र म्हणाला. “क्लॅरिटी बघा, कॅसेटची खरखरसुद्धा कशी सुटी ऐकू येते.”

दुसरं कडवं सुरू झालं. पडद्याच्या निळ्या उजेडात मला त्याचा हात दिसत होता. अंगठा रिमोटवर होता आणि तो ओळी मोजत होता. त्याला ते गाणं पाठ होतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? बापानं शेवटच्या ओळीसाठी दम घेतला, आणि त्यानं बटण दाबलं.

“हे झालं साधं रेकॉर्डिंग,” तो म्हणाला. “आता खरी मजा ऐका.” एक मारामारीचा सिनेमा लागला. हेलिकॉप्टर डोक्यावरून मागे गेलं, सगळ्यांनी माना वळवल्या. मग कुणीतरी मला विचारलं, “मिस्त्री, हे पॅनल किती जाडीचं?”

मित्राचा राग आजही जात नाही. पण त्या दुपारी मी उठून बाहेर पडलो असतो तर मला तो राग शोभला असता. मी उठलो तो पॅनल दाखवायला. कापडावर हात ठेवून चार इंच म्हणालो, मागची पोकळी समजावली, कोपरे दाखवले. सगळं नीट, हौसेनं सांगितलं. बाप मागं अर्ध्या श्वासावर थांबला होता आणि मी रॉकवूलची घनता सांगत होतो. दोघांनी माझा नंबर घेतला. निघताना मित्रानं पाठीवर थाप मारली आणि विचारलं, “खूश?” मी मान हलवली.

घरी आलो तर बायको दारातच होती.

“वाजवलं का?”

“व्हय.”

“समदं?”

“समदं.”

तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि विचारलं, “जयभीमला लोक काय म्हणले?”

मी पाणी प्यायलो आणि म्हणालो, “त्यांनी बी म्हटलं.”